किल्लीची घड्याळे जपताना

बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी असते, नाहीतर कपाटातला एखादा खण असतो. त्यात सातबाराचे उतारे, जुनी रेशनकार्डे, शाळा सोडल्याचे दाखले आणि लग्नाचे फोटो ठेवलेले असतात. त्यांच्याच तळाशी एक बंद पडलेले मनगटी घड्याळ सापडते. पट्टा कडक झालेला, काच पिवळी पडलेली आणि काटे कुठल्यातरी वेळेवर थांबलेले. 'आजोबांचे आहे' एवढेच घरातले सांगतात. ते टाकून देववत नाही आणि वापरले तरी जात नाही.

आज मला बोलायचे आहे ते अशा घड्याळांविषयी आणि त्यांचा संग्रह कसा करावा याविषयी. घड्याळांचा संग्रह म्हटले की लाखो रुपयांची स्विस घड्याळे आणि मखमली पेट्या डोळ्यांसमोर येतात. तो छंद ज्यांना परवडतो त्यांनी जरूर करावा. पण मी राहतो महाडला, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या पगारदार किंवा पेन्शनवर जगणाऱ्या माणसालाही एक चांगला संग्रह करता येतो. त्यासाठी पैशांपेक्षा चिकाटी जास्त लागते.

सुरुवातीलाच मुद्दा सांगून टाकतो. घड्याळे विकत घेऊन कपाटात भरणे म्हणजे संग्रह नव्हे. घड्याळ चालते ठेवणे, ते मुळात जसे होते तसे ठेवणे आणि ते कोणाच्या हातावर होते हे लिहून ठेवणे, या तीन गोष्टी जमल्या की मग त्याला संग्रह म्हणावे. आमच्या महाडात चौथी गोष्टही सांभाळावी लागते. ती म्हणजे पाण्यापासून बचाव.

सेल नसलेले यंत्र

किल्लीच्या घड्याळाला सेल लागत नाही. मग ते चालते कशावर? तुमच्या बोटांच्या ताकदीवर. घड्याळाच्या बाजूला जे फिरवायचे बटण असते त्याला आपण किल्लीच म्हणतो. ती फिरवली की आतल्या एका छोट्या डबीतली पोलादी पट्टी गुंडाळली जाते. हीच मुख्य स्प्रिंग. तिला पुन्हा उलगडायचे असते. उलगडताना ती दातेरी चाकांची एक माळ फिरवते आणि त्या चाकांना काटे जोडलेले असतात.

पण एवढेच असते तर स्प्रिंग भर्रकन उलगडली असती आणि दिवसभराचा वेळ मिनिटभरात संपला असता. म्हणून वाटेत एक पहारेकरी बसवलेला असतो. २० मार्चला चवदार तळ्यावर किती गर्दी होते हे आपण पाहता. तिथे स्वयंसेवक दोरी धरून उभे असतात, थोड्यांना सोडतात, दोरी धरतात, पुन्हा थोड्यांना सोडतात. घड्याळातला हा पहारेकरी अगदी तसाच चाकाचा एकेक दाता सोडतो. कधी सोडायचे हे त्याला सांगते ते इकडून तिकडे झुलणारे एक गोल चाक, म्हणजे बॅलन्स व्हील. त्याला केसासारखी बारीक, गुंडाळलेली हेअर स्प्रिंग लावलेली असते. आपण 'टिकटिक' म्हणतो तो याच सोडण्याधरण्याचा आवाज.

साध्या हिंदुस्थानी घड्याळात ही टिकटिक तासाला १८,००० वेळा होते, म्हणजे सेकंदाला पाच वेळा. दिवसाला ४ लाख ३२ हजार. वर्षाला पंधरा कोटींच्या वर. एवढे ठोके खाणाऱ्या बारीक आसांची झीज होऊ नये म्हणून ते कठीण खड्यांत बसवतात. तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेले असते ते हेच खडे. त्यांत किंमत शोधू नका. फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हर्न्युइल या रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली आणि पुढे घड्याळांत तेच खडे वापरले जाऊ लागले. 'आत हिरे आहेत' म्हणून कोणी किंमत वाढवून सांगू लागला तर मुकाट्याने पुढच्या दुकानात जावे.

ऑटोमॅटिक घड्याळात फरक एवढाच की आत अर्धगोल वजन बसवलेले असते. हात हलला की ते फिरते आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. इंग्लंडच्या जॉन हारवूड या घड्याळजीने १९२० च्या दशकात ही कल्पना मनगटी घड्याळात प्रथम यशस्वी करून दाखवली.

आता तुम्ही विचाराल, असे घड्याळ वेळ कितपत बरोबर दाखवते? दिवसाचे सेकंद ८६,४००. चांगले साफसूफ केलेले जुने घड्याळ दिवसाला वीस सेकंद पुढेमागे झाले, तर ती चूक चार हजारांत एक एवढीच झाली. सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, म्हणून ते अधिक काटेकोर असते. असे पहिले मनगटी घड्याळ जपानच्या सेकोने डिसेंबर १९६९ मध्ये बाजारात आणले. तेव्हापासून वेळ पाहण्यासाठी किल्लीच्या घड्याळाची गरज उरली नाही, हे खरे आहे. मग ते जपायचे कशासाठी?

मनगटावर घड्याळ आले कसे

त्याचे उत्तर आपल्या भागाच्या इतिहासात आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुरुष खिशात घड्याळ ठेवत. मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पहिल्या महायुद्धाने हे बदलले. खंदकात उभा असलेला सैनिक हातातली बंदूक सोडून खिसा चाचपू शकत नाही. म्हणून घड्याळ मनगटावर आले आणि युद्ध संपल्यावर तिथेच राहिले.

आता महाड तालुका आणि लष्कर हे नाते जुने आहे. फौजी आंबवडे हे गाव आपल्याच तालुक्यातले. पहिल्या महायुद्धापासून तिथले लोक सैन्यात जात आले आणि गावाच्या नावातच 'फौजी' हा शब्द येऊन बसला. मार्च १९२७ मध्ये महाडला जी परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले, त्या परिषदेसाठी झटणाऱ्यांत लष्करातून निवृत्त झालेली माणसे होती. लष्कराने त्यांना अक्षरओळख दिली, पगार दिला आणि घड्याळाच्या काट्यावर चालणारी शिस्तही दिली.

त्या काळी या देशात विकल्या जाणाऱ्या घड्याळांत वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव मोठे होते. घड्याळे स्वित्झर्लंडची, पण कंपनीच्या पेढ्या मुंबईत आणि कलकत्त्यात. तिच्या एका घड्याळाचे नाव होते 'सोवार प्राइमा'. सोवार म्हणजे आपला सवार, घोडेस्वार. गिऱ्हाईक कोण आहे हे कंपनीला बरोबर ठाऊक होते. फावर-लुबा ही स्विस पेढी तर १८६५ पासून हिंदुस्थानात व्यापार करत होती.

स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध आले. त्याच सुमारास सरकारने १९५३ साली बंगळुरूला हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, हा कारखाना काढला. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिथे मनगटी घड्याळे तयार होऊ लागली. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि उत्तरेतले राणीबाग इथेही कारखाने निघाले. 'जनता', 'पायलट', 'जवान', 'सोना', 'कोहिनूर', 'कांचन' आणि बायकांसाठी 'सुजाता' ही नावे माझ्या पिढीला पाठ आहेत. 'जनता' हे बाबासाहेबांच्या १९३० साली निघालेल्या साप्ताहिकाचेही नाव. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांना त्या घड्याळाचे नाव उगाचच घरचे वाटे.

कोकणातला माणूस मुंबईला गेला, गिरणीत, गोदीत, एसटीत किंवा पोलिसांत लागला. गावी वेळ कळायची ती उन्हावरून आणि मुंबईत गिरणीच्या भोंग्यावरून. पहिले काही पगार साठवून त्याने घड्याळ घेतले आणि गणपतीला तो गावी आला तेव्हा ते हातावर होते. त्या काळचे स्टुडिओतले फोटो काढून पाहा. मनगट किंचित पुढे केलेले दिसेल, बाही वर सारलेली दिसेल. फोटोत घड्याळ दिसावे म्हणून. ज्यांच्याकडे घड्याळ नसे त्यांच्यासाठी फोटोवाले स्वतःचे घड्याळ ठेवत. पुढे महाड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातली माणसे आखातात गेली आणि सेको, सिटिझन यांची ऑटोमॅटिक घड्याळे घरोघरी आली.

म्हणजे बघा, दागिना असतो वाडवडिलांचा. जमीन असली तर तीही वारशाने आलेली. पण घड्याळ ही अनेक घरांतली स्वतःच्या मजुरीच्या पैशाने घेतलेली पहिली टिकाऊ वस्तू. ती जपायची ती यासाठी. टायटनने १९८० च्या दशकात क्वार्ट्झ घड्याळे आणली, एचएमटी मागे पडत गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर या घड्याळांना एकाएकी मागणी आली. कालपर्यंत भंगारात जाणारे 'जनता' आज लोक हौसेने शोधतात. ही चांगली गोष्ट आहे आणि थोडी काळजीचीही.

कुठून सुरुवात करावी

सुरुवात घरापासून करावी. आईवडील, मामा, आत्या, चुलते यांच्याकडे विचारावे. विकत घ्यायचे पहिले घड्याळ हे तुमच्या संग्रहातले दुसरे किंवा तिसरे असावे, पहिले नव्हे. घरातल्या घड्याळावर तुमचा हात बसतो, किल्ली किती फिरते हे कळते, टिकटिक ओळखीची होते. मग बाजारात फसायला होत नाही.

दुसरे असे की, काहीतरी सूत्र ठरवावे. दिसेल ते घेत गेलात तर वर्षभरात पेटी भरते आणि मन उडते. सूत्र साधे असावे. कोणी फक्त काळ्या तबकडीची 'पायलट' जमवेल. कोणी देवनागरी आकड्यांच्या तबकड्या शोधेल. एचएमटीने तशाही काढल्या होत्या आणि त्या फार देखण्या दिसतात. माझे सूत्र आहे आपला तालुका. महाड-पोलादपूरच्या माणसाने वापरलेले आणि कोणी वापरले हे ठाऊक असलेले घड्याळच मी ठेवतो. त्यामुळे माझ्याकडे महागडे काही नाही, पण अनोळखी असेही काही नाही.

एक सूचना विशेष करीन. बायकांच्या घड्याळांकडे संग्राहक पाहत नाहीत. ती लहान असतात, आतले मशीन नखाएवढे असते आणि दुरुस्तीला अवघड जाते. पण प्राथमिक शाळेत लागलेली पहिली शिक्षिका आणि सरकारी दवाखान्यातली पहिली परिचारिका यांच्या हातावर तीच होती. नाडीचे ठोके मोजायला परिचारिकेला सेकंदकाटा लागे. अशी घड्याळे आज फुकट मिळतात आणि उद्या मिळणार नाहीत.

अस्सल आणि रंगवलेले

आता बाजाराविषयी. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार इथे घड्याळांचे ढीग दिसतात. त्यांत चमचमणारी, नवीकोरी वाटणारी, रंगीबेरंगी तबकडीची जुनी घड्याळे दिसली की सावध व्हावे. परदेशातले संग्राहक अशा मालाला सरळ 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि ते काही कौतुकाने नव्हे. जुन्या घड्याळाची तबकडी खरवडून पुन्हा रंगवायची, नाव नव्याने छापायचे, एका घड्याळाची डबी, दुसऱ्याचे मशीन आणि तिसऱ्याचे काटे जोडायचे, असा हा उद्योग. करणाऱ्यांचे हात कुशल असतात हे मान्य. ते घड्याळ वेळही दाखवते. पण 'मूळचे' म्हणून विकले तर ती फसवणूक होते.

ओळखायचे कसे? एक भिंग जवळ ठेवा. कारखान्याची छपाई बारीक आणि रेखीव असते, हाताची जाड आणि पसरट. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या समोर नीट बसल्या आहेत का पाहा. मिनिटकाटा त्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे. तो आखूड असेल तर काटा दुसऱ्याच घड्याळाचा आहे. जी रंगसंगती कंपनीने कधी काढलीच नाही ती तबकडीवर असेल, तर प्रश्नच मिटला. शेवटी मागचे झाकण उघडून दाखवायला सांगा. मशीनवर कोणाचे नाव आहे ते वाचा. झाकण उघडायला जो खळखळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. अंधारात चमकावेत म्हणून फार जुन्या घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा लेप असे. साधारण १९६० च्या दशकापर्यंत ही पद्धत होती. त्याची चमक आता गेली असली तरी किरणोत्सर्ग गेलेला नाही. असे घड्याळ बंद ठेवून जपायला हरकत नाही, पण काच काढून तो लेप खरवडणे, त्याची पूड श्वासात किंवा पोटात जाणे धोक्याचे आहे. मुलांच्या हाती ते देऊ नये.

रोजच्या वापराचे नियम थोडके आहेत. किल्ली रोज एका ठरावीक वेळी द्यावी आणि घट्ट लागली की थांबावे. एकदा पूर्ण किल्ली दिली की दीड दिवसाच्या आसपास पुरते. तारीख दाखवणाऱ्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नये. त्या वेळी आतली चाके स्वतःच तारीख सरकवण्याच्या तयारीत असतात आणि दाते तुटतात. घड्याळ एकाएकी खूप पुढे धावू लागले तर ते बहुधा लोहचुंबकाच्या जवळ ठेवलेले असते. स्पीकर आणि मोबाइलची कव्हरे यांपासून ते लांब ठेवावे. घड्याळजी ते चुंबकत्व दोन मिनिटांत काढून देतो. आणि न वापरलेल्या घड्याळालाही महिन्यातून एकदा किल्ली द्यावी.

पावसाळा आणि पूर

आता आमच्या गावचा खरा प्रश्न. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की मीठ पाझरते आणि चपलांना बुरशी येते. घड्याळाच्या मशीनमधल्या पितळी पट्ट्या हे सोसतात, पण आस, स्क्रू आणि स्प्रिंगा पोलादाच्या असतात. त्यांना गंज धरतो. म्हणून मी मे महिन्याच्या शेवटी चामडी पट्टे काढून वेगळे ठेवतो. घड्याळे घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. सुती कापडात गुंडाळायचे असेल तर ते आधी उन्हात खडखडीत वाळवलेले हवे. लाकडी पेटी दिसायला सुंदर, पण कोकणात ती ओल धरते.

हे झाले पावसाचे. पुराचे तसे नाही. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या बेचक्यात आमचे गाव. जुलै २००५ चा पूर आणि तालुक्यातल्या दरडी कोणी विसरलेले नाही. २२ जुलै २०२१ ला पुन्हा तेच झाले. बाजारपेठेत पाणी माणसाच्या डोक्यावरून गेले, वीज गेली, फोन गेले आणि त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. त्या रात्री माणसांनी वर नेले ते म्हातारी माणसे, लेकरे, कागद आणि जमेल तेवढे धान्य. घड्याळाची आठवण कोणाला होणार, आणि का व्हावी? पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलाने माखलेल्या सामानाचे ढीग लागले. गाद्या, फ्रिज, वह्या, देव्हारे. त्यांतच त्या पत्र्याच्या पेट्याही होत्या.

पुराचे पाणी नुसते पाणी नसते. त्यातला बारीक गाळ मशीनमध्ये शिरला की काचकागदासारखे काम करतो. म्हणून घड्याळात पाणी गेले तर काय करायचे ते नीट ऐका. किल्ली देऊ नका. चालू असेल तर किल्लीचे बटण ओढून ठेवा, म्हणजे बऱ्याच घड्याळांतले मशीन थांबते. थांबले नाही तरी काळजी नको. उन्हात, चुलीजवळ किंवा तांदळाच्या डब्यात ठेवू नका. त्याने पाणी आतल्या आत वाफाळते, नाहीतर पीठ आत जाते. मागचे झाकण लवकरात लवकर उघडून घ्या आणि शक्य तर त्याच दिवशी घड्याळजीकडे द्या. पोलादाला गंज चढायला चोवीस तासही लागत नाहीत. महिनाभराने नेलेल्या घड्याळात गाळ निघतो, पण गंजलेली हेअर स्प्रिंग परत येत नाही.

त्या पुरानंतर आमच्या शेजारच्या वहिनींनी मला एक 'जनता' आणून दिले. त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर होते. ते वारले त्याला बरीच वर्षे झाली. घड्याळ दोन दिवस चिखलात होते. माझ्या ओळखीच्या घड्याळजी चाचांनी ते उघडले, सगळे सुटे केले, पेट्रोलमध्ये धुतले, दोन चाके दुसऱ्या मेलेल्या घड्याळातली घातली आणि चार दिवसांनी ते चालू झाले. फक्त तबकडीवर, सहाच्या आकड्यापासून वर, चिखलाचा एक तपकिरी डाग राहिला. कोणीतरी सुचवले, मुंबईला पाठवा, तबकडी नवी रंगवून मिळेल. वहिनी म्हणाल्या, "नको भावोजी, राहू दे तसंच. पाणी कुठवर आलं होतं ते त्याच्यावर लिहिलंय." घड्याळ त्यांनी माझ्याकडेच ठेवले आहे. दर २२ जुलैला त्या येतात, स्वतः किल्ली देतात आणि जातात. संग्रहात अस्सलपणा कशाला म्हणायचे हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या वाक्याने जास्त नीट कळले.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. संग्रह एका डब्यात मावला पाहिजे आणि तो डबा एका हाताने उचलून माळ्यावर नेता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात कोणातरी माणसाचा हात असणार आहे. नदीकाठच्या गावात संग्रहाची मर्यादा ही अशी ठरते. नवे घड्याळ आले आणि डबा भरला तर जुन्यांपैकी एक ज्याच्या घरचे असेल त्याला परत जाते, चालू स्थितीत.

घड्याळजी हाच खरा ठेवा

घड्याळे अजून सापडतील. पण ती उघडणारे हात कमी होत आहेत. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर काचेच्या छोट्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. आज त्या जागी बहुतेक ठिकाणी सेल आणि पट्टे बदलून मिळतात. मशीन सुटे करून पुन्हा जोडणारे कारागीर साठी-सत्तरीच्या घरात आहेत. आमचे चाचाही. नवीन सुटे भाग फारसे मिळत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बंद घड्याळांचा एक बरण्यांचा दवाखानाच आहे. कोणाचे चाक, कोणाचा आस, कोणाची किल्ली. त्यातून एखादे घड्याळ जिवंत होते. म्हणून मोडके घड्याळही भंगारात देऊ नका, घड्याळजीला द्या.

आणि त्यांना मजुरी नीट द्या. 'घड्याळ दोनशेचे, दुरुस्तीला पाचशे कशाला?' असा हिशेब इथे चालत नाही. चार-पाच वर्षांतून एकदा घड्याळ पूर्ण उघडून, धुऊन, तेल देऊन घ्यावे लागते. वाळलेल्या तेलावर चाललेले घड्याळ स्वतःलाच झिजवत असते. ते काम दीड-दोन तासांचे असते आणि नजरेचे असते. घरातला एखादा पोरगा किंवा पोरगी हाताने सफाईदार असेल, तर सुट्टीत महिनाभर अशा कारागिराजवळ बसवा. कारखाना बंद झाला हे आपल्या हातात नव्हते. ही विद्या बंद पडू न देणे अजून आपल्या हातात आहे.

घड्याळासोबतची चिठ्ठी

शेवटी चिठ्ठीविषयी. माझ्या डब्यात प्रत्येक घड्याळासोबत प्लास्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी आहे. त्यावर पाच गोष्टी लिहिलेल्या असतात. घड्याळाचे नाव आणि मागच्या झाकणावरचा क्रमांक. ते कोणी वापरले. कधी आणि कुठून घेतले, म्हणजे पगारातून, लग्नात, निवृत्तीच्या निरोपसमारंभात की आखातातून आणून. कधी दुरुस्त केले आणि कोणता भाग बदलला. पाचवी गोष्ट म्हणजे त्या घड्याळाविषयी घरात सांगितली जाणारी एखादी आठवण, सांगणाऱ्याच्याच शब्दांत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई ओलीत पसरते. एक नक्कल दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी आणि आता मोबाइल आहेत, तेव्हा घड्याळाचा आणि चिठ्ठीचा फोटो काढून मुलांना पाठवून द्यावा.

ही चिठ्ठी नसेल तर 'जनता' आणि 'जनता' यांत फरक काय? कारखान्यातून एकाच साच्याची असंख्य बाहेर पडली. त्यांतले एक फौजी आंबवड्याच्या जवानाने सीमेवर वापरले, एक गिरणीच्या तिसऱ्या पाळीला उठवत राहिले आणि एक शाळेची घंटा द्यायला शिपायाने पाहिले. मशीन सगळ्यांचे सारखेच. वेगळेपण हातांचे होते आणि ते हात आता एकेक करून जात आहेत. सांगणारी माणसे आहेत तोवर विचारून घ्यायला हवे.

तेव्हा पुढच्या रविवारी एवढे करा. ती पेटी उघडा, घड्याळ बाहेर काढा. लगेच किल्ली देऊ नका, आधी कोणाकडून तरी उघडून तपासून घ्या. ते दुरुस्त व्हायला वेळ लागला तरी चालेल. पण घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून ते कोणाचे, कधीचे आणि कोणत्या पैशातून घेतलेले, हे त्याच दिवशी लिहून काढा. घड्याळ थांबले तर पुन्हा चालू करता येते. सांगणारा माणूस गेला की ती माहिती कोणत्याच घड्याळजीला दुरुस्त करता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)